भोंगा वाजला नाही म्हणजे

अर्चनाची सगळी भीती एकाच मापाची होती. दूध उतू जाईल ही भीती आणि नवरा कामावरून परत येणार नाही ही भीती, दोन्ही पोटात एकाच जागी आणि सारख्याच जोरानं टोचायच्या. त्यामुळे घरात तिच्या भीतीला कुणी किंमत देत नसे. खरं तर तीही देत नसे.

बोईसरजवळच्या सरावलीतल्या एका चाळीत तिची खोली होती. घरात नवरा महादू आणि आठवीतली मुलगी स्नेहा. अर्चना बँडेजच्या कंपनीत पॅकिंगला जायची. महादू एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराचा माणूस होता. कंपनीचं घाण पाणी जिथं साफ करून पुढं सोडतात, ज्याला कामगार नुसतं ईटीपी म्हणतात, तिथं त्याचं काम. तो घरी आला की अर्चना त्याचा शर्ट आधी नाकाशी धरायची आणि मगच बादलीत टाकायची. कधी शर्टाला नुसता घामाचा वास असे, कधी सडक्या अंड्यांचा. ज्या दिवशी अंड्यांचा असे, त्या दिवशी महादूचे डोळे लाल असायचे आणि जेवताना तो कपाळ दाबून बसायचा.

"डोका दुखतो?" ती विचारायची.

"ऊन व्हता," तो म्हणायचा.

अर्चना मनोरच्या आतल्या एका पाड्यातली. भात झोडून झाला की तिचा बाप मंगळ्या सगळं कुटुंब घेऊन वीटभट्टीवर जायचा. आईबाप मातीत, आणि धाकट्या भावंडांवर नजर ठेवायचं काम अर्चनाचं. भट्टीवर ट्रॅक्टर मागं येताना बघत नाहीत. माती काढलेल्या खड्ड्यांत पाणी साचलेलं असतं. सात-आठ वर्षांची पोर दिवसभर मान फिरवत बसायची, कोण कुठं आहे ते पाहत. भावंडांना काही झालं नाही. ती सगळी मोठी झाली, शाळेत गेली, मुंबईला कामाला लागली. पण अर्चनाची मान फिरायची थांबली नाही.

बरं, तिची भीती दर वेळी खरी ठरायची असंही नाही. दोन वर्षांपूर्वी स्नेहाच्या शाळेची सहल निघाली होती. बसचे टायर गुळगुळीत दिसतात म्हणून अर्चनानं पोरीला सगळ्यांसमोर खाली उतरवलं. बस गेली, संध्याकाळी गाणी म्हणत परतही आली. स्नेहा कितीतरी दिवस आईशी धड बोलली नाही. तेव्हापासून अर्चना स्वतःच्या मनाला दटावून ठेवायची. तुला तर काय, सगळ्याचंच भय वाटतं, असं ती स्वतःलाच सांगायची.

पॅकिंगमधली सुपरवायझरची जागा पदवी असलेल्या बाईलाच मिळते, म्हणून तिनं मुक्त विद्यापीठात नाव घातलं. दर रविवारी बोईसरला एका शाळेच्या वर्गात तास व्हायचे. विषयांमध्ये एक होता 'चिकित्सक विचार'. नाव ऐकून तिला वाटलं, दवाखान्यासंबंधी काहीतरी असेल.

तो विषय शिकवायला चिंचणीहून रूपल सावे यायच्या. चिकूची वाडी असलेल्या घरातल्या, वयानं अर्चनाएवढ्याच. स्कूटीवरून येताना उडालेले केस तसेच घेऊन त्या फळ्यासमोर उभ्या राहायच्या.

"युक्तिवाद म्हणजे भांडण नव्हे," पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या. "एक गोष्ट पटवून देण्यासाठी माणूस दुसऱ्या गोष्टीचा आधार देतो, तेव्हा युक्तिवाद होतो. जे पटवायचं असतं तो निष्कर्ष. ज्याच्यावर तो उभा केलेला असतो, ती आधारविधानं. बोलताना 'म्हणून', 'म्हणजे', 'मग' असे शब्द आले की कान द्या. तिथं कुणीतरी काहीतरी कशावर तरी उभं करतंय. आणि एक लक्षात ठेवा, 'कारण' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एखादी गोष्ट खरी आहे हे दाखवतं तेही कारण, आणि माणूस तसं का वागला हे सांगतं तेही कारण. ती एकमेकांत मिसळू देऊ नका."

मग त्यांनी काम दिलं. घरात नेहमी ऐकू येणारं असं एखादं बोलणं पुढच्या वेळी घेऊन या.

अर्चनाला शोधावं लागलं नाही. पुढच्या रविवारी तिची पाळी आली तेव्हा तिनं उभं राहून सांगितलं, "आमचे मिस्टर कंपनीत आहेत. तिथं घाण वास येतो. मी काही बोलले की ते म्हणतात, धोका असता तर भोंगा वाजला असता. वाजला का? नाय. मग झालं तर."

वर्ग हसला. रूपल मॅडमनी मात्र ते फळ्यावर एकाखाली एक मांडलं. धोका असेल तर भोंगा वाजतो. भोंगा वाजला नाही. म्हणून धोका नाही.

"काय वाटतं?"

पुढच्या बाकावर चिंचणीचाच प्रणव म्हणून एक मुलगा बसायचा. तो म्हणाला, "बरोबर आहे की, मॅडम."

"मांडणी बरोबर आहे. वरची दोन खरी असतील तर तिसरं खरं असलंच पाहिजे. पण अर्चनाताई, पहिलं वाक्य नीट बघा. ते खरं ठरायला आणखी काहीतरी खरं असावं लागेल. तुमच्या मिस्टरांनी ते बोलून दाखवलं नाही, धरून चालले. काय असेल?"

अर्चना फळ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ते वाक्य तिला गप्प करत आलं होतं. आज ते तीन तुकड्यांत समोर होतं, आणि पहिल्या तुकड्याखाली मॅडमनी रिकामी जागा सोडली होती.

"भोंगा चालू पायजे," ती म्हणाली.

"बरोबर," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी ते लिहिलं. वर्ग पुढं सरकला. अर्चनाला पुढचं काही ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर तिनं महादूला जेवू दिलं. मग विचारलं, "अवो, तुमचा भोंगा शेवटला कवा वाजला व्हता?"

"कंचा भोंगा?"

"कंपनीचा. धोक्याचा."

"धोकाच नाय झाला तर वाजंल कशाला?"

"वाजवून बगितला का कुणी? चालू हाय का?"

महादूनं ताट सरकवलं. "सेफ्टीवाले हायत तितं. ते काय झोपा काढतात?" तिनं त्याच्या पुढ्यातला तांब्या भरला. "एवढी वरसा झाली, काय झाला का कुणाला?" तो बोटांवर मोजू लागला. "आनी मी एकटाच हाय का तितं? इनोद हाय, चिंधू हाय. त्यांच्या बायका नाय इचारत."

तो एकामागून एक सांगत होता आणि अर्चना एकेक ऐकून बाजूला ठेवत होती. सेफ्टीवाले आहेत, म्हणून भोंगा चालू आहे का? आजवर काही झालं नाही, म्हणून चालू आहे का? यातलं एकही भोंग्यापर्यंत पोचत नव्हतं. नवऱ्याचं बोलणं असं उलगडून बघायचं तिला जरा अपराध्यासारखं वाटत होतं, पण थांबवतही नव्हतं.

"मग इचारा ना एकदा," ती म्हणाली. "नुसता इचारायला काय जातंय?"

"माझा काम जातंय!" तो एकदम ओरडला. दाराशी बसलेल्या स्नेहानं मान वर केली. महादूनं आवाज खाली आणला. "ठेकेदाराची मानसा आमी. मी असला काय इचारला ना, तर दुसऱ्या दिशी गेटवरूनच परत धाडंल."

तेव्हा अर्चनाला कळलं, हे खरं कारण. पण हे भोंगा चालू असल्याचं कारण नव्हतं. तो का विचारत नाही, याचं होतं. तिनं ताट उचललं. त्याच्याइतकीच आता तिलाही भीती वाटत होती, आणि आता तिला दोन गोष्टींची भीती होती, भोंगा बंद असण्याची आणि त्याचं काम जाण्याची.

ती मागं लागली नाही. पण महादूला घरातलं तिचं गप्प बसणं झेपेना. दोन-तीन दिवसांनी चहाच्या सुट्टीत त्यानं रामनाथला हळूच विचारलं. रामनाथ कंपनीचा इलेक्ट्रिशियन, कायम नोकरीतला, आणि त्यांच्याच चाळीच्या मागच्या ओळीत राहणारा. माणूस सरळ होता. तो म्हणाला, "खरा हाय रे. बरेच दिस कुणी वाजवला नाय. साहेबांना सांगून घेतो चाचणी."

त्या आठवड्यात अर्चनाची दुपारची पाळी होती. सकाळी ती मोरीत कपडे धूत होती. वारा एमआयडीसीकडून होता. आणि त्या वाऱ्यावर भोंग्याचा आवाज आला. लांब, चढत जाणारा, मग पडणारा, मग पुन्हा चढणारा.

तिच्या हातातून साबण सुटला. दिशा तीच होती. ती तशीच उठली. ओल्या साडीनं, दार सताड उघडं टाकून धावत रस्त्यावर आली. शेअर रिक्षात आधीच माणसं भरलेली होती, तरी ती एका बाईच्या मांडीवर बसल्यासारखी आत घुसली. "चला ओ, लवकर चला," ती रिक्षावाल्याला सांगत होती, आणि तो विचारत होता, "पण कुठं?" तिला कंपनीचं नाव आठवेना. रोज तोंडावर असलेलं नाव, आणि जीभ हलेना. नुसता हात लांब करून ती दाखवत राहिली.

कंपनीच्या गेटसमोर माणसांचा घोळका उभा होता. हेल्मेट घातलेली, काखेत घेतलेली माणसं. कुणी हसत होतं, कुणी बिडी ओढता येत नाही म्हणून तंबाखू मळत होतं. अर्चनानं घोळक्यात मान वळवून वळवून पाहिलं. महादू कुंपणाशी उभा होता. धडधाकट.

गेटवरचा वॉचमन तिला बघून म्हणाला, "क्या हुआ भाभी? अरे टेस्टिंग था, टेस्टिंग!"

कुणीतरी ओरडलं, "महादू, तुझी सेफ्टी ऑफिसर आली बग!" आणि सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते. पण महादूनं मान खाली घातली ती वर केली नाही. अर्चनाच्या पायांत एकच चप्पल होती. दुसरी कुठं पडली, रस्त्यात की रिक्षात, तिला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा एवढंच बोलला, "भोंगा वाजतोय. तुझ्या कानानं आयकलास. आता पुरे."

त्यानंतर त्यांच्यात कामापुरतं बोलणं राहिलं. नळावरच्या बायका तिला विचारायच्या, "काय गो, आज नाय भोंगा?" अर्चना हसून हंडा उचलायची. तिला आतून ठाऊक होतं की हे बसच्या टायरांसारखंच झालं. एवढं फळ्यावर मांडून, तुकडे करून पाहिलं, तरी शेवटी खोटंच निघालं. मग उपयोग काय त्या शिकण्याचा?

पुढच्या रविवारी जावं की नको असं करत ती शेवटी तासाला गेली. सकाळी महादू तिच्या आधीच बाहेर पडला होता. रविवारी प्लांट बंद असतो, पण आज त्याला बोलावलं होतं. "टाकी साफ करायची हाय," तो पायात बूट घालताना भिंतीला सांगितल्यासारखं बोलला होता. घाण पाण्याची जमिनीखालची टाकी वर्षाकाठी एकदा उपसतात, हे तिला माहीत होतं.

तासाला मॅडमनी तिला विचारलं, "अर्चनाताई, भोंग्याचं काय झालं?"

तिनं सांगितलं. चप्पल सोडून सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमच्या शंकेला उत्तर मिळालं," मॅडम म्हणाल्या. "ती शंका खोटी ठरली हे चांगलंच झालं की. हरलात असं का वाटून घेता?"

अर्चना बसली. तिला बरं वाटलं नाही. मग प्रणवनं त्याच्या घरातलं बोलणं सांगितलं. त्याचे आजोबा, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, हल्ली वाडीतून चालून आले की धापा टाकतात. घरचे म्हणतात, परवाच रिपोर्ट काढला, नॉर्मल आहे, म्हणजे अण्णांना काही झालेलं नाही, वय झालं एवढंच.

"कसला रिपोर्ट?" मॅडमनी विचारलं.

"साखरेचा."

वर्गात हसू फुटलं. मागची एक बाई म्हणाली, "साखरेच्या रिपोर्टात छातीचं काय दिसणार रे?"

"म्हणजे रिपोर्ट खोटा आहे का?" मॅडमनी विचारलं. "नाही. रिपोर्ट अगदी खरा आहे. फक्त तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. प्रणव, अण्णांना आजच घेऊन जा दाखवायला."

अर्चना फळ्याकडे बघत होती. तिला पुन्हा तीन ओळी दिसल्या, आणि त्यांच्याखाली तिनंच भरलेली जागा. भोंगा चालू पायजे. आहे, चालू आहे. पण भोंगा कशाचा आहे?

ती उभी राहिली. "मॅडम, मला जायला पायजे." उत्तराची वाट न बघता ती वर्गाबाहेर पडली.

जिन्यातच तिनं महादूला फोन लावला. वाजत राहिला. त्यांचे फोन गेटवर जमा करून घेतात, हे माहीत असूनही तिनं पुन्हा लावला. मग रिक्षा धरली, पण कंपनीची नाही. कंपनीच्या गेटवर जाऊन ती काय सांगणार होती? तिच्याकडे नुसता एक प्रश्न होता, आणि मागच्या प्रश्नाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. ती सरावलीला उतरली आणि थेट रामनाथच्या दारात गेली.

रामनाथ ओट्यावर कुणाचा तरी मिक्सर खोलून बसला होता.

"रामनाथभाऊ, तो भोंगा कशाचा हाय?"

त्यानं मान वर केली. "वहिनी, झाली ना चाचणी? वाजतोय तो."

"वाजतोय. पण कशाला वाजतो? कशानं कळतं त्याला?"

"आगीचा हाय. धूर लागला, नायतर गरम झाला की वाजतो. कुणी बटन दाबला तर वाजतो."

"आनी वासाला? गॅसला?"

"गॅसला कसा वाजंल? गॅस मोजायचा मीटर येगळा असतो. हाय आमच्याकडं एक, सेफ्टीच्या कपाटात." बोलता बोलता त्याचा हात मिक्सरवर थांबला. "का?"

"आज टाकी साफ करतायत. हे गेलेत." तिनं एमआयडीसीकडे हात केला. "ते म्हणतात, पयला वास येतो, मग थोड्या येळानं जातो. मग काय वाटत नाय."

रामनाथनं पान्हा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "वास जात नाय, वहिनी," तो म्हणाला. "त्या गॅसनं नाक मरतो. आमाला एकदा ट्रेनिंगला सांगितलेला. गॅस हाय तितंच असतो, आपल्याला कळत नाय."

अर्चनाला घरातलं बोलणं आठवलं. महादू तिला धीर द्यायला जे सांगायचा, थोड्या वेळानं जातो गो वास, तेच सगळ्यात वाईट होतं.

"तुमी चला," ती म्हणाली. "माजा कोन आयकनार नाय. तुमी सांगा."

रामनाथनं फडक्याला हात पुसले. त्याची सुट्टी होती. रविवारी फुकट कुणी कंपनीत जात नाही, आणि मागच्या चाचणीवरून साहेबांनी त्यालाही दोन शब्द ऐकवले होते. हे सगळं त्याच्या तोंडावर दिसलं. मग तो उठला, खुंटीवरून ओळखपत्र घेतलं आणि मोटारसायकल काढली. "बसा."

रविवारची एमआयडीसी ओस होती. मोठ्या मोठ्या पत्र्याच्या शेड, बंद फाटकं, गटाराच्या कडेनं झोपलेली कुत्री. अर्चना मागं बसून एकच गोष्ट करत होती, कान देत होती. कुठूनही काही आवाज येत नव्हता. आधी आवाज आला म्हणून तिचा जीव गेला होता. आज आवाज नाही म्हणून जात होता.

गेटवर तोच वॉचमन. "अरे भाभी, फिर आ गयीं?" तो हसला. "आज तो भोंगा भी नहीं बजा!"

रामनाथ त्याला ओळखपत्र दाखवून धावतच आत गेला. अर्चनाला आत सोडणं शक्य नव्हतं. वॉचमननं तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. फाटकाच्या गजांमधून एक लांब रस्ता दिसत होता, त्याच्या शेवटी एक शेड, आणि शेडच्या मागं ती टाकी असणार. रस्त्यावर कुणी नव्हतं.

ती गज धरून उभी राहिली. मनात एक सारखं चालू होतं. समजा काहीच नसलं तर? समजा रामनाथ हसत परत आला, समजा टाकी रिकामी आणि कोरडी असली, तर महादू पुन्हा तिच्याशी बोलेल का? आणि लगेच दुसऱ्या बाजूनं यायचं, देवा, तसंच असू दे. हसू दे त्यांना. माझ्यावर आयुष्यभर हसू दे.

वॉचमनही आता हसत नव्हता. तिच्याकडे बघून तोही मधूनमधून त्या रस्त्याकडे बघू लागला होता. "पानी पियेंगी?" त्यानं विचारलं. तिला ऐकू आलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. शेडच्या कोपऱ्यावरून एक माणूस आला. चालत येत होता. हळू, पाय जड झाल्यासारखा. तो महादू आहे हे तिला चालीवरून कळलं, तरी चेहरा दिसेपर्यंत तिनं गज सोडले नाहीत.

तो गेटबाहेर येऊन रस्त्याच्या कडेला कट्ट्यावर बसला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "पानी दे."

वॉचमननं बाटली आणून दिली. महादूनं ती एका दमात अर्धी संपवली.

"इनोद शिडीवर व्हता," तो म्हणाला. "दोन-तीन पायऱ्या उतरला व्हता. सुपरवायझरनं इचारला, वास येतो का? इनोद म्हनला, मगाशी येत व्हता, आता नाय. तर तो म्हनला, मग जा. त्याच्या मागं मी उतरनार व्हतो. तेवढ्यात रामनाथ बोंबलत आला."

अर्चना त्याच्या शेजारी बसली.

"सुपरवायझर चिडला. म्हनला, भोंगा वाजला का? रामनाथनं आयकलाच नाय. इनोदला दंडाला धरून वर वढला. मग मीटर आनला. चार्जिंग थोडाच व्हता त्यात. दोरीला बांधून खाली सोडला." त्यानं बाटली खाली ठेवली. "अर्ध्यावर पन नाय गेला. आसा केकाटायला लागला ना... सुपरवायझरच मागं पळाला."

दोघं बराच वेळ तिथं बसून राहिली. अर्चनाला वाटलं होतं, आपण खरे ठरलो तर सुटल्यासारखं वाटेल. वाटलं नाही. विनोद शिडीवर होता, रामनाथनं मिक्सर आधी जोडून मग निघायचं ठरवलं असतं तर, प्रणवचे आजोबा धापा टाकत नसते तर, हे सगळं तिच्या डोक्यात एकावर एक चढत होतं.

त्यानंतर त्या टाकीजवळ पंखा आला, हवा आत ढकलणारा. कुणी उतरायचं तर आधी दोरीनं मीटर सोडायचा असा नियम झाला. कंपनीच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून समजावून सांगितलं, नीट सांगितलं, कुणाचं नाव घेतलं नाही. सुपरवायझर महादूशी वाईट वागला नाही. तो फक्त त्याच्याकडे बघेनासा झाला.

विनोदची बायको ठकी अर्चनाला बोईसरच्या बाजारात भेटली. विनोदनं तिला काहीच सांगितलं नव्हतं. उगाच घाबरंल म्हणून. ठकी आनंदात होती. "आमचा म्हनतो, आता काय भ्या नाय. कंपनीनं मशीन आनलंय, गॅस असला तर वरडतं." अर्चना वालाच्या शेंगा निवडत होती. तिचा हात थांबला. त्या मशीनला चार्जिंग कोण करतं, हे तिला माहीत नव्हतं. सांगावं का हिला? आपली भीती हिच्या पदरात बांधावी का? हातातली शेंग टोपलीत टाकून ती म्हणाली, "ठके, त्यांना इचार, सकाळी चार्जिंग कोन बगतो. नुसता इचार." ठकीच्या तोंडावरचं हसू जरा कमी झालं. अर्चनाला त्याचं वाईट वाटलं, पण शब्द मागं घ्यावेत असं वाटलं नाही.

दिवाळी झाली आणि ठेकेदारानं महादूला सांगितलं, पुढच्या महिन्यापासून येऊ नको. कारण विचारलं तर म्हणाला, काम कमी आहे. चिंधूलाही काढलं होतं, आणि दुसऱ्या प्लांटमधल्या काही जणांनाही. विनोदला ठेवलं.

अर्चनानं रूपल मॅडमना गाठलं. तासानंतर, त्या स्कूटीला किल्ली लावत होत्या तेव्हा. "मॅडम, मी आधी बोलले, मग काम गेलं. म्हणून माझ्यामुळे गेलं, असं म्हणता येतं का?"

मॅडमनी किल्ली फिरवली नाही. "आधी एक झालं, मग दुसरं झालं, एवढ्यावरून नाही म्हणता येत."

"मग माझ्यामुळे नाही गेलं, असं म्हणता येतं?"

मॅडमनी किल्ली काढून घेतली. "तेही नाही येत, अर्चनाताई," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे तेवढा आधार नाही."

महादूला कापडाच्या एका कंपनीत काम मिळालं. पहिल्यापेक्षा लांब, आणि उभ्यानं करायचं. पहिल्या दिवशी तो निघाला तेव्हा ती दारापर्यंत गेली. स्नेहा आत दप्तर भरत होती.

"अवो," अर्चना म्हणाली. "खरा सांगा. माझ्यामुळं गेला का तुमचा काम?"

महादू चपलेत पाय घालायचा थांबला. त्यानं विचार केला, खरोखरच केला, हे तिला दिसलं.

"म्हायती नाय," तो म्हणाला.

आणि गेला. त्यानं 'नाय' म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, पण विश्वास बसला नसता. चाळीच्या कोपऱ्यावर तो वळेपर्यंत ती बघत होती. मग तिची कंपनीची वेळ झाली.